पहिला हंबकर की दुसरा?

चष्मेवाल्या बाईंनी दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले, गिटारची वायर अँप्लिफायरमध्ये खुपसली आणि दुकानभर घुं सुरू झाला. बाईंनी अजून तारेला हातही लावलेला नव्हता. बाहेरच्या पाटीचा लाल उजेड शटरखालून आत येत होता, फ्रेमांची कपाटे शहाण्यासारखी उभी होती आणि त्या सगळ्यातून घुं एकसारखा वाहत होता. माइक धरून उभ्या असलेल्या लेकीने आईकडे असे पाहिले, की बाईंना आपल्याच पोटात गुरगुरल्यासारखे ओशाळे वाटले.

"हे असंच येणार का?" लेकीने विचारले.

"जुनी गिटार आहे गं," बाई म्हणाल्या. "वाजवायला लागले की कळणार नाही."

पण कळले. गाण्याची सुरुवातच अशी होती, की नुसती गिटार आणि त्यावर लेकीचा अगदी हलका, कानात सांगितल्यासारखा आवाज. ड्रमवाली आणि कीबोर्डवाली या तिच्या दोन मैत्रिणींचे काम नंतर. त्या हलक्या आवाजाला घुंने पहिल्याच ओळीत गिळून टाकले. लेकीने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झाले. ड्रमवाली मैत्रीण सभ्यपणे अक्षरांचा तक्ता वाचत बसली.

खरे तर या बँडशी बाईंचा काही संबंध नव्हता. त्यांची गिटारवाली जिन्यावरून घसरली, तिचे मनगट प्लास्टरमध्ये गेले आणि कॉलेजचा शनिवारचा कार्यक्रम तोंडावर आला. तेव्हा लेक आपल्या पायांनी दुकानात आली आणि म्हणाली, "आई, तू वाजवशील?" त्या वेळी समोरच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक नाकावर तपासणीची अवजड फ्रेम घेऊन बसले होते. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. गेले वर्षभर लेक आईशी 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढ्या शब्दांत संसार चालवत होती. पुढच्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या गावी जायची होती, आणि मधले दिवसही असेच 'बघू' करत सरणार, असे बाईंनी मनाला समजावून ठेवले होते. आता ती आपण होऊन विचारत होती. आपली आई लग्नाआधी बँडमध्ये वाजवायची हे हिच्या लक्षात आहे, एवढ्यानेच बाईंचा ऊर भरून आला होता.

म्हणून लेकीने माइक खाली ठेवला तेव्हा बाईंनी घाईघाईने गिटारची वायर उपटली.

"आई, शुक्रवारी आमची शेवटची तालीम," लेक म्हणाली. "तोवर हा घुं गेला तर ठीक. नाहीतर मी हिच्या भावाला विचारते. त्याच्या गिटारला हंबकर आहे."

हिचा भाऊ म्हणजे कीबोर्डवालीचा भाऊ. बाईंनी त्याला कधी पाहिलेही नव्हते, पण त्या क्षणापासून तो त्यांच्या डोक्यात बसला. दुसऱ्याच दिवशी त्या दुकान जरा उशिरा उघडायचे ठरवून तारकाकांकडे गेल्या.

तारकाका वाद्ये दुरुस्त करत. त्यांचे खरे नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावे लागे. त्यांनी गिटार उलटीपालटी केली, तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या पिकअपवर नखाने टकटक केले आणि मान हलवली.

"यात एकेकच वेटोळं आहे," ते म्हणाले. "हवेतली वीज पकडून बसतं. हंबकरमध्ये दोन वेटोळी असतात, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली. तारेचा आवाज दोन्ही मिळून उचलतात, पण बाहेरून घुं आला की एकाचा घुं दुसऱ्याच्या घुंला खोडून काढतो. घरात दोन माणसं एकमेकांविरुद्ध बोलत राहिली की तिसऱ्याला कशी शांतता मिळते, तसं."

बाईंच्या घरात सासूबाई आणि नवरा ही अशी दोन माणसे होती. शांतता मिळाल्याचे काही बाईंना आठवेना. पण त्यांनी तो विषय काढला नाही.

"मग द्या एक," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

इथे सगळे बिनसले. तारकाकांनी दोन हंबकर काढून समोर ठेवले. एकाला चकचकीत धातूची टोपी होती, दुसरा उघडाबोडका होता. पहिला दाट आहे म्हणाले, दुसरा मोकळा. बाईंनी विचारले, दाट म्हणजे किती दाट? तर म्हणाले, दाट म्हणजे दाट. बाईंचे आयुष्य पाव नंबर आणि अर्ध्या नंबरात गेलेले. त्यांना हे असे विशेषणांवर चाललेले काम झेपेना.

"याला नंबर नसतो का?"

"असतो की. पण नंबर ऐकू येत नाही, बाई."

शेवटी तारकाकांनी दोन्ही त्यांच्या हवाली केले. ऐका, ठरवा, नको असेल तो ओरखडा न पाडता शनिवारी परत द्या, म्हणाले. जाता जाता एवढेच सांगितले, की हंबकर रुंद असतो, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळच्या जुन्या पिकअपचे भोक त्याला पुरणार नाही, ते वाढवून घ्यावे लागेल.

भोक वाढवायला घरचाच माणूस होता. बाईंचे धाकटे दीर दारे-खिडक्या बनवत. वहिनीचे काम म्हटल्यावर भाऊजी हातातली चौकट तशीच टाकून आले. त्यांनी गिटार टेबलावर आडवी घातली, भुसा आत जाऊ नये म्हणून तिच्या अंगावर जागोजाग खाकी चिकटपट्टी डकवली आणि यंत्र सुरू केले. यंत्र थांबले तेव्हा गिटारच्या पोटात चष्म्याची डबी आरामात मावेल एवढा खड्डा झाला होता.

"भाऊजी, हे जरा जास्तच झालं नाही का?"

"वहिनी, भोक कधी नेमकं करू नये. उद्या याहून मोठा हंबकर निघाला तर?"

"याहून मोठा नसतो हो."

"आज नसतो," भाऊजी म्हणाले आणि समाधानाने भुसा झटकू लागले.

आता माघार नव्हती. पण त्या खड्ड्याचा एक फायदा बाईंच्या लगेच ध्यानात आला. तारा जरा सैल केल्या की हंबकर त्यात घालता येई आणि काढताही येई. वायरी बाहेर काढून नुसत्या पिळल्या की झाले. चष्म्याचे मुंगीएवढे स्क्रू फिरवण्यात आयुष्य गेलेल्या बाईंना हे म्हणजे डाव्या हातचा मळ होते. आणि त्यांना एकदम सुचले, की निवड कशी करायची हे तर आपल्याला जगात सगळ्यांत चांगले माहीत आहे. रोज आपण दुसरे करतो काय? एक भिंग लावतो, ते काढून दुसरे लावतो आणि विचारतो, पहिल्याने स्पष्ट की दुसऱ्याने? तसेच करायचे, फक्त डोळ्यांऐवजी कान.

रविवारी दुकानाला सुट्टी. सकाळीच बाईंनी घरातल्या मंडळींना वरून खाली बोलावले आणि तपासणीच्या खोलीतल्या बाकावर बसवले, तोंडे अक्षरांच्या तक्त्याकडे, पाठी गिटारकडे. कुणी मागे वळून बघायचे नाही, अशी ताकीद दिली. दिवाही मंद केला. त्याची काही गरज नव्हती, पण त्याशिवाय बाईंना "पहिला की दुसरा" विचारताच येईना. सासूबाई ताठ बसल्या. त्यांच्या शेजारी बाईंचा नवरा बसला. तो एका कारखान्यात मालाचा दर्जा तपासायच्या कामावर होता आणि पास की नापास याखेरीज त्याचे जगाशी नाते नव्हते. कडेला भाऊजी. लेक मैत्रिणीकडे गेली होती.

बाईंनी टोपीवाला हंबकर बसवला, तारा सुरात लावल्या आणि वाजवले. "हा पहिला." मग तो काढून दुसरा बसवला. तोवर नवऱ्याला एक डुलकी लागून गेली. "हा दुसरा. आता परत पहिला वाजवते. नीट ऐका."

सगळे झाल्यावर सासूबाईंनी गळा साफ केला. "पहिला. दुसऱ्यात तारेला सर्दी झालीय."

"दुसरा," नवरा म्हणाला. "पहिला माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता."

भाऊजींनी बराच विचार केला. त्यांना पहिल्यात लाकूड ऐकू आले होते. दुसऱ्यातही लाकूडच, पण वेगळे. मग आईकडे पाहून त्यांनी पहिला म्हटले, आणि दादाकडे पाहून 'तसे दोन्ही टिकाऊ आहेत' अशी पुस्ती जोडली.

एका गोष्टीवर मात्र तिघांचे एकमत झाले. घुं गेला होता. पार गेला होता. गिटार स्वस्थ बसली, की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. खरे म्हणजे काम इथेच झाले होते. शहाण्या माणसाने डोळे मिटून एक उचलला असता आणि दुसरा परत केला असता. पण बाईंना लेकीसाठी चांगला नको होता, दोहोंतला सरस हवा होता, आणि एकदा असे मनात आले की माणसाचे हाल कुत्रा खात नाही.

सोमवारपासून घरात दोन तट पडले. नवऱ्याने जिन्यात सहज म्हणून विषय काढला, की मी आयुष्यभर माल पारखतोय, मला कुणी शिकवू नये. सासूबाई वरच्या पायरीवरून म्हणाल्या, "लहानपणी तुझे कान मीच साफ केलेत. त्यात काय असायचं ते मला माहीत आहे." नवऱ्याचा तिळपापड झाला. तो आईशी बोलेनासा झाला. सासूबाईही बोलेनाशा झाल्या, आणि दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे काम भाऊजींवर आले. ते काही निरोप वाटेतच गाळत, म्हणून बरे.

बाईंनी मग बाहेरचे मत घ्यायचे ठरवले. दुपारी गर्दी कमी असे, तेव्हा बाकावर थांबलेल्या गिऱ्हाइकांना त्या दोन्ही हंबकर ऐकवू लागल्या. बातमी पसरली. नुसता स्क्रू घट्ट करून घ्यायला आलेली माणसे तास तास बसून राहिली. समोरच्या इस्त्रीवाल्याने दुसऱ्याच्या बाजूने असा जोर लावला, की पहिल्याच्या बाजूच्या एका बाईंनी आपले इस्त्रीचे कपडे परत मागितले. एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. ते म्हणाले, एकदा एकच हंबकर दोन्ही वेळा वाजवा आणि गंमत बघा. बाईंनी वाजवला. पुन्हा दोन तट पडले, आणि आधीपेक्षा जास्त त्वेषाने. मास्तर काही सिद्ध करू लागले, पण बाकाने त्यांचे ऐकून घेतले नाही. त्यांचा चष्मा तयार होताच त्यांना वाटेला लावण्यात आले.

बाईंची अवस्था बघवत नव्हती. एका गिऱ्हाइकाचा नंबर काढताना त्या विचारून बसल्या, "हं, आता सांगा, दाट की मोकळा?" गिऱ्हाईक घाबरून म्हणाले, मला खालची ओळ दिसत नाहीये. हंबकर काढून घालून तारा दोनदा तुटल्या. बाईंना स्वतःला आधी पहिला आवडला, मग दुसरा, मग दोन्ही नावडू लागले. जगाला निवड करून देणारी ही बाई, पण स्वतःची वेळ आली तेव्हा तिच्या नाकी नऊ आले. लेकीला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. गुरुवारी एवढेच सांगितले, की घुं गेलाय, ये उद्या.

"बघू," लेक म्हणाली. पण जाताना दारात जराशी हसली, असे बाईंना वाटले.

शुक्रवारी संध्याकाळी लेक दोघी मैत्रिणींना घेऊन आली. न बोलावता बाकी मंडळीही खाली उतरली. दिवेलागण झाली होती. दुकानाच्या दारावरच्या पाटीत लाल दिव्याच्या नळ्यांचा एक भलाथोरला चष्मा होता, सासऱ्यांनी हौसेने बनवून घेतलेला, आणि तो रोज संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः लावायचा हा त्यांचा नेम होता. त्यांनी बटण दाबले, चष्मा रस्त्यावर लाल झाला, सासूबाई आत येऊन बाकावर बसल्या. दुसऱ्या टोकाला नवरा. मध्ये भाऊजी, सीमारेषेसारखे.

बाईंनी वायर जोडली.

घुं.

तोच, तसाच, किंबहुना विश्रांती मिळाल्यामुळे जरा टवटवीत. लेकीने माइक हातात घेतलाच नाही. तिने नुसते "आई" म्हटले, आणि त्यात राग असता तर बाईंनी सोसला असता. त्यात हिरमोड होता.

"कुठला लावलाय आत्ता?" सासूबाईंनी विचारले. दुसरा, म्हटल्यावर त्यांनी बाकावरूनच निकाल दिला. "मी पहिल्यापासून सांगतेय. याचं ऐकलंस, भोग आता."

बाईंनी दुसरा काढून पहिला बसवला. घुं हलला नाही. नवरा छताकडे बघत म्हणाला, कुणीतरी आईला सांगा, पहिलाही नापास आहे. भाऊजींनी तो निरोप गाळला. कीबोर्डवाली मैत्रीण हळूच म्हणाली, की दादा घरीच आहे, विचारू का?

लेक मात्र गिटारवर वाकून बघत होती. तिने तो खड्डा पाहिला आणि काकाकडे पाहिले. मग खड्ड्याच्या वरच्या अंगाला चिकटलेल्या खाकी पट्टीवर बोट ठेवले.

"ही पट्टी कशाला आहे?"

"भुशासाठी," भाऊजी म्हणाले. "आत जाऊ नये म्हणून. तिथे एक बटण आडवं येत होतं. ते वर सारलं आणि पट्टी लावली."

लेकीने पट्टी टर्रकन ओढली. खालून एक छोटे बटण निघाले. ते वर होते.

बाईंनी कपाळाला हात लावला. गिटारला पिकअप दोन, एक मानेजवळ आणि एक घोडीजवळ. बटण वर असले की मानेजवळचा वाजतो, खाली असले की घोडीजवळचा. दोन्ही हंबकर बसवले होते ते घोडीजवळ. म्हणजे रविवारपासून आजवर, बाकावरच्या समस्त जनतेने, प्रत्येक वेळी, मानेजवळचा तो जुनाच पिकअप ऐकला होता. हंबकरच्या जागी साबणाची वडी ठेवली असती तरी आवाज हाच आला असता. दर वेळी तारा नव्याने सुरात लावल्यामुळे जो काही फरक पडला असेल, तेवढाच काय तो फरक.

बाईंनी हे सगळे घुंच्या वरताण आवाजात सांगितले.

"म्हणजे पहिला कुठला होता?" नवऱ्याने विचारले.

"जुना."

"आणि दुसरा?"

"तोही जुनाच."

नवरा बोटांवर काहीतरी मोजू लागला. सासूबाई मात्र डगमगल्या नाहीत. "वाटलंच होतं मला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात काहीतरी जुनाट होतंच."

ड्रमवाली मैत्रिणीने विचारले, "काकू, पण मग इतके दिवस घुं कुठे गेला होता?"

हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. रविवारी घुं नव्हता. दुपारी गिऱ्हाइकांसमोर नव्हता. फक्त त्या पहिल्या संध्याकाळी होता आणि आज संध्याकाळी होता. हळूहळू सगळ्यांच्या माना शटरकडे वळल्या. फरशीवर लाल उजेड सांडलेला होता. भाऊजी उठले आणि त्यांनी चष्म्याचे बटण बंद केले. घुं थांबला. चालू केले, घुं आला. बंद, थांबला. भाऊजींना यात इतका आनंद होऊ लागला की सासूबाईंना ओरडावे लागले.

"पुरे. जळेल तो. आणि त्याला नावं ठेवायचं काम नाही. तुमच्या वडिलांनी लावलाय. इतकी वर्षं कुणाला त्रास नाही झाला त्याचा."

हे खरे होते. इतकी वर्षे कुणी त्याच्याखाली गिटार वाजवली नव्हती. आणि कॉलेजच्या सभागृहात असला चष्मा नव्हता. म्हणजे गिटार होती तशी नेली असती तरी उद्या घुं आला नसता. भोक नको होते, हंबकर नको होता, आणि बाकावरचे युद्ध तर नकोच होते. बाई तपासणीच्या स्टुलावर बसल्या. त्यांना हसू येत होते आणि रडूही, आणि दोन्हींतले आधी कुठले येऊ द्यावे ते ठरेना.

तेवढ्यात लेकीने गिटारचे ते बटण खाली केले आणि काकाला म्हणाली, "लावा चष्मा."

चष्मा लागला. फरशी लाल झाली. सगळे कान टवकारून बसले. काही नाही. हंबकरने आपले काम केले होते. पहिल्यांदाच त्याला करायला मिळाले होते, आणि त्याने ते चोख केले. बाईंनी तार छेडली. स्वच्छ, भरलेला सूर निघाला, आणि तो विरला तेव्हा मागे नुसती शांतता राहिली. बाईंनी लेकीकडे बघायचे टाळले, कारण डोळे भरले होते.

"आता खरं कळेल," नवरा पुढे सरकत म्हणाला. "आता लावा दोन्ही. पहिला आणि दुसरा."

"लावाच," सासूबाई म्हणाल्या. आठवडाभरात त्यांनी मुलाच्या बोलण्याला पहिल्यांदा दुजोरा दिला होता, पण ते दोघांच्याही लक्षात आले नाही.

लेक आपण होऊन तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसली, तक्त्याकडे तोंड करून. बाईंनी तिला तिथे शेवटचे बसवले होते ते शाळेत असताना. तेव्हा तिचे पाय खाली टेकत नसत. आता टेकत होते.

बाईंनी वाजवले. "हा पहिला." तारा सैल केल्या, हंबकर बदलला, तारा लावल्या. "हा दुसरा." लेकीने पुन्हा ऐकायला मागितले. बाईंनी पुन्हा वाजवले. ही पोरगी आता ज्याचे नाव घेईल, त्याची जन्मभर ताठ मान.

लेकीने खुर्ची वळवली. "आई, दोन्ही सारखेच आहेत."

"अगं, नीट ऐक," नवरा कळवळून म्हणाला.

"नीटच ऐकलं, बाबा. काहीच फरक नाही. दोन्हींतून आईच ऐकू येते."

बाकावर निराशा पसरली. पण बाई मात्र स्टुलावर एकदम ताठ झाल्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचे होते. नंबर काढणारे माणूस दिवसभर एका भिंगावरून दुसऱ्यावर जाते ते याच वाक्याची वाट बघत. पहिल्याने बरे दिसते म्हटले की काम बाकी आहे, दुसऱ्याने म्हटले तरी बाकी आहे. समोरचा जेव्हा जरा कंटाळून म्हणतो, 'आता दोन्ही सारखीच दिसतात', तेव्हा नंबर सापडलेला असतो. तिथे थांबायचे. पुढे भिंगे बदलत बसणे म्हणजे चांगल्या डोळ्यांना उगाच दमवणे. हे बाई दुकानात शिकायला येणाऱ्या नव्या माणसांना शिकवत, आणि आठवडाभर स्वतः विसरून बसल्या होत्या.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "झालं," त्या म्हणाल्या. "नंबर निघाला."

"भावाला विचारू नको ना मग?" कीबोर्डवालीने खात्री करून घेतली.

"त्याला कशाला?" लेक माइक उचलत म्हणाली. "तो मला कुठे आवडतो वाजवताना. मी नुसतं आईला घाबरवायला म्हटलं होतं."

हे ऐकून बाईंनी तिला एक धपाटा घालायला हवा होता. त्याऐवजी त्या हसत सुटल्या.

शनिवारी सकाळी, जो हंबकर टेबलावर उरला होता तो डबीत घालून बाईंनी तारकाकांना परत केला. कुठला ठेवलात, दाट की मोकळा, असे त्यांनी विचारले. बसलाय तो ठेवलाय, असे बाईंनी सांगितले. घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांना जिन्याच्या आडोशाला गाठले आणि शेवटी कुठला राहिला ते कानात विचारले. बाई म्हणाल्या, "तुमचाच. पण यांना बोलू नका, वाईट वाटेल त्यांना." थोड्या वेळाने नवऱ्याने तेच विचारले. "अहो, तुमचाच," बाई म्हणाल्या. "आईंना मात्र कळू देऊ नका. वय झालंय त्यांचं." त्यानंतर दिवसभर सासूबाई आणि नवरा एकमेकांशी इतक्या मायेने वागत होते, की भाऊजींना कुणीतरी आजारी आहे की काय अशी शंका आली.

संध्याकाळी सभागृहात दोघे शेजारी शेजारी बसले, आणि दिवे मंद झाल्यावर एकमेकांकडे बघून जिंकलेल्या माणसाच्या मोठ्या मनाने हसले. बाईंचे तिकडे लक्ष नव्हते. त्या स्टेजवर होत्या, लेकीच्या मागे, हातात ती खड्ड्याची गिटार. समोर शेकडो पोरे गप्प झाली. वायर जोडलेली होती आणि कुठेही, कसलाही घुं नव्हता. त्या शांततेत लेक माइकजवळ गेली. तोंड उघडले, आणि थांबली. बाईंना वाटले, ही ओळ विसरली. मग त्यांना कळले, की ही विसरलेली नाही. ही वळून त्यांच्याकडे बघत होती, आणि आईने सुरू करायची वाट बघत होती.